रोलरचा पंप उतरवताना

‘सकाळी झकास चालतं, दुपारी जेवून आलो की चढच घेत नाही.’ रोलरचा ऑपरेटर एवढं म्हणाला की साइटवर निकाल लागलेला असतो: पंप गेला. मुकादम फोन लावतो, मालक किंमत विचारतो, आकडा लाखांत ऐकून गप्प होतो, आणि तासाभरात कुणीतरी पान्यांची पेटी उघडून बसतं. पंप उतरवण्याचं काम तसं काही फार मोठं नाही. दोन माणसं, एक चेन पुली आणि हाताशी वेळ असला की पंप खाली येतो. खरी परीक्षा त्याच्या आधी आणि नंतर असते. तो उतरवायलाच हवा होता का, हे आधी ठरवावं लागतं. दुरुस्त होऊन परत बसला की इंजिनाची पहिली पाच मिनिटं सांभाळावी लागतात. या दोन्ही ठिकाणी घाई झाली तर मधलं सगळं कौशल्य पाण्यात जातं.

भरावाची माती थराथराने दाबणारा 11 टनी रोलर डोळ्यापुढे आणा. पुढे एकच लोखंडी ड्रम, मागे दोन मोठे टायर. 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचे भराव असल्याच यंत्रांनी दाबले. याला पायाखाली क्लच नसतो. इंजिन एका ठरावीक वेगावर चालू असतं आणि ऑपरेटर बाजूचा एकच दांडा पुढे-मागे करतो. पुढे केला की मशीन पुढे, मध्ये आणला की उभं, मागे ओढला की मागे. हायड्रोस्टॅटिक ड्राइव्ह म्हणतात ते हेच, आणि त्याचा जीव पंपात असतो.

इंजिनाच्या फ्लायव्हीलला कपलिंग, कपलिंगला पंप. पंपाच्या पोटात नऊ पिस्टन बसवलेला एक गोल ब्लॉक इंजिनाच्याच वेगाने गरगरत असतो. या पिस्टनांच्या पितळी टाचा एका तबकडीवरून घसरत जातात. ती स्वॉश प्लेट. तबकडी सरळ असेल तर पिस्टन नुसते गोल फिरतात, आत-बाहेर होत नाहीत, त्यामुळे तेल हलत नाही. दांडा थोडा पुढे केला की तबकडी तिरकी होते, पिस्टन आत-बाहेर करू लागतात आणि तेल एका होजमधून ड्रम आणि टायर फिरवणाऱ्या मोटरकडे जातं, दुसऱ्यातून परत येतं. दांडा मागे घेतला की तबकडी उलट्या बाजूला कलते आणि तेलाची दिशा फिरते. एका फेरीत 75 सीसी तेल देणारा पंप 2200 आरपीएमवर मिनिटाला 165 लिटर तेल फिरवतो. चढावर, मऊ मातीत त्या तेलाचा दाब साडेतीनशे बारच्या पुढे जाऊ शकतो. ट्रकच्या टायरमध्ये हवा 8 बारच्या आसपास असते, त्यावरून अंदाज करा.

लोडरच्या साध्या गिअर पंपात आणि यात एक मोठा फरक आहे. गिअर पंप टाकीतून तेल घेतो, सिलिंडरला देतो, काम झालं की तेल टाकीत परत. हायड्रोस्टॅटिकमध्ये मोटरमधून परत आलेलं तेल टाकीत न जाता थेट पंपाच्या दुसऱ्या तोंडात शिरतं. पंप ते मोटर, मोटर ते पंप, असा बंद फेरा. आतल्या फटींमधून जे थोडं तेल पाझरतं आणि थंड करण्यासाठी जे मुद्दाम काढून घेतलं जातं, तेवढंच टाकीत जातं. त्याची भरपाई करायला मोठ्या पंपाच्या पाठीला एक छोटा चार्ज पंप असतो. त्याचा दाब साधारण 20 ते 25 बार. भरपाई तर तो करतोच, शिवाय तबकडी तिरकी करायची ताकदही त्याच्याच तेलातून येते, आणि स्प्रिंगने आवळलेले ब्रेकही तेच तेल सोडवतं. हा छोटा पंप लक्षात ठेवा, पुढचं निम्मं निदान त्याच्याभोवती फिरतं.

तर, मशीन दुपारी दमतं. गार असताना ठीक आणि तापल्यावर मरगळ, याचा साधा अर्थ असा की तेल पातळ झालं की कुठेतरी आतल्या आत जास्त पाझरतं. ते पंपात असेल, मोटरमध्ये असेल, किंवा कुठेच दोष नसून तेलच गरजेपेक्षा जास्त तापत असेल. म्हणून पाना हातात घेण्याआधी कूलरच्या जाळीकडे बघावं. मुरमाची लाल धूळ आणि गळक्या तेलाचा चिकटा मिळून जाळी पार लिंपून टाकतात, पलीकडचा उजेड दिसत नाही. ती धुऊन काढल्यावर ‘गेलेला’ पंप नीट चालू लागल्याची उदाहरणं या धंद्यात कुणालाही विचारा. दुसरा प्रश्न तेलाचा. 68 नंबरचं तेल लागत असताना कुणी हाताला आलेला डबा ओतला आहे का? आणि तिसरा सक्शन होजचा. जुना होज बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतलं अस्तर सुटून तेलाची वाट अडवतं. मग पंप कर्कश ओरडतो, आणि आवाजावरून निदान करणारे त्यालाच दोषी ठरवतात.

हे झालं की गेज लावायचं. 60 बारचं गेज चार्जच्या पॉइंटला, 600 बारचं चालीच्या दोन्ही लाइनना. दांडा मध्ये असताना चार्जचा दाबच कमी असेल तर मोठ्या पंपावर संशय घेण्यात अर्थ नाही. चार्ज फिल्टर तुंबलाय का, चार्ज रिलीफ व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय का, हे आधी. चार्ज अर्धवट असेल तर ब्रेकही अर्धवटच सुटतात, आणि आवळलेल्या ब्रेकवर ओढणारं मशीन हुबेहूब पंप गेल्यासारखं वागतं. बऱ्याच रोलरमध्ये चालीचा आणि ड्रमच्या व्हायब्रेशनचा असे दोन पंप एकामागे एक जोडलेले असतात. दोन्ही कामं एकदमच ढिली पडली असतील तर दोघांना जे सामायिक आहे तिकडे बघायचं, म्हणजे चार्ज, सक्शन आणि स्वतः इंजिन.

मशीन पुढे जोरात आणि मागे मात्र मरतुकडं जात असेल तर फिटरला मनातून आनंद व्हावा. पंपाचे पिस्टन दोन्ही दिशांना तेच असतात, ते एका दिशेला झिजलेले आणि दुसऱ्या दिशेला नवे असू शकत नाहीत. दोष बहुधा त्या बाजूच्या रिलीफ व्हॉल्व्हचा असतो. पंपाच्या अंगावर दोन बाजूंना दोन व्हॉल्व्ह असतात. दोन्हींचं सेटिंग सारखं असेल तर त्यांची अदलाबदल करायची. दोष पुढच्या दिशेला सरकला तर गुन्हेगार सापडला. एका व्हॉल्व्हच्या खर्चात काम होतं आणि पंप जागचा हलत नाही.

शेवटची चाचणी जोखमीची, म्हणून जाणकारानेच करावी. चालीचे दोन्ही मोठे होज सोडून पंपाच्या तोंडांना पूर्ण दाब सोसणाऱ्या पोलादी प्लेटा बसवायच्या. इंजिन चालू करून दांडा क्षणभर थोडासा हलवायचा. दाब चटकन रिलीफच्या आकड्यापर्यंत गेला आणि चार्जचं गेज फारसं ढळलं नाही, तर पंप धडधाकट आहे, मोटरकडे बघा. दाब चढतच नसेल आणि चार्जचा काटा खाली बसत असेल, तर पंप आतून पाझरतोय. ही चाचणी काही सेकंदांचीच, कारण तेव्हा इंजिनाची सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. वेल्डरकडून कापून आणलेली पत्र्याची प्लेट इथे लावणाऱ्याला मी मशीनजवळ उभं राहू देणार नाही.

आता पंप उतरवायचं ठरलं असं धरू. मशीन सपाट, टणक जागी उभं करायचं, ड्रमच्या आणि टायरांच्या दोन्ही बाजूंना ठोकळे लावायचे. चार्ज नसताना स्प्रिंगचे ब्रेक आपोआप आवळलेले असतात, पण त्यांच्या भरवशावर कुणी मशीनखाली शिरू नये. रोलर मधोमध सांध्यावर वळतो. त्या सांध्याची लॉक पिन घातल्याशिवाय दोन फ्रेमच्या मध्ये माणूस उतरता कामा नये. चावी काढून खिशात, बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडलेली. मग तेल निवेपर्यंत थांबायचं. काम करून आलेल्या मशीनचं तेल 80 अंशांवर सहज असतं.

इंजिन बंद केलं म्हणजे दाब गेला, असं धरून चालू नये. दांडा दोन-तीनदा पुढे-मागे करावा, होजचा नट अर्धा आटा ढिला करून तेल शांतपणे ओघळतंय ना ते बघावं आणि मगच पूर्ण सोडावा. गळती शोधायला बोट फिरवायची सवय असेल तर ती मोडा, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. सुईच्या छिद्रातून दाबाने फुटलेली तेलाची धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला फार दुखतही नाही, आणि माणूस हळद लावून कामाला लागतो. आत शिरलेलं तेल मांस नासवत जातं. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हातही गमवावा लागतो. अशा वेळी डॉक्टरांना ‘दाबाचं हायड्रॉलिक तेल आत गेलंय’ हे स्पष्ट शब्दांत सांगायचं, नाहीतर नुसती पट्टी बांधून परत पाठवलं जाण्याची भीती असते.

पण पहिल्या नटाला पाना लावण्याआधी पंप धुवायचा. हा अनेकांना वेळेचा अपव्यय वाटतो. पंपाच्या आतल्या फटी दहा-पंधरा मायक्रॉनच्या, काही ठिकाणी त्याहून बारीक असतात. माणसाच्या नुसत्या डोळ्याला साधारण 40 मायक्रॉनपेक्षा लहान कण दिसतच नाही. थोडक्यात, पंपाला मारणारा कचरा आपल्याला दिसत नाही, आणि जो दिसतो तो तर फारच मोठा. त्यामुळे सगळी तोंडं बंद असतानाच पंप, होजचे जोड आणि वरची फ्रेम प्रेशरच्या पाण्याने धुऊन हवेने कोरडी करायची. एकदा होज सुटला की पाणी आणि हवा दोन्ही बंद. तसंच एकदा होज सुटला की उघडं तोंड त्याच मिनिटाला बुचाने झाकायचं. बुच नसेल तर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी रबराने आवळा. बनियन वेस्टचा बोळा मात्र कधीच कोंबायचा नाही. त्याचे धागे आत राहतात, आणि कधी कधी तर आख्खा बोळाच राहतो.

होज सोडायच्या आधी मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढा आणि प्रत्येक होजला व त्याच्या तोंडाला एकाच रंगाची खूण करा. मोठे दोन होज दोन अर्ध्या फ्लँजांनी आणि चार बोल्टांनी धरलेले असतात. ते आपापसांत उलट लागले तर दांडा पुढे केल्यावर रोलर मागे येईल, आणि मागे हेल्पर उभा असेल. टाकी पंपाच्या वर असते, म्हणून सक्शन होज सोडण्याआधी तेल स्वच्छ, झाकणाच्या पिंपात काढून घ्यावं. काही मशीनना टाकीखाली कॉक असतो. तो बंद करायला हरकत नाही, फक्त त्याच वेळी ‘कॉक बंद’ अशी चिठ्ठी लिहून चावीला बांधा. बंद कॉकवर इंजिन चालू झालं तर दुरुस्त होऊन आलेला पंप कोरडा फिरून बाद व्हायला फार वेळ लागत नाही. बाकी बारीक लाइन, पाझरलेलं तेल टाकीत नेणारा केस ड्रेन, फिल्टरच्या लाइन, कंट्रोलची केबल किंवा वायरचे सॉकेट, हे सगळं ओघाने येतं.

वजनाचं काय? 75 सीसीचा एकटा पंप 50 किलोच्या आसपास, जोडपंप त्याच्या दुप्पट, आणि जागा अशी की दोन माणसांचे हात एकदम आत जात नाहीत. वर चेन पुली अडकवून पट्ट्याने पंपाला आधार दिल्याशिवाय शेवटचे बोल्ट ढिले करायचे नाहीत. आधार असा हवा की पंप पुढे किंवा मागे झुकणार नाही. पंपाचा दातेरी शाफ्ट कपलिंगच्या दात्यांत शिरलेला असतो आणि तो सरळ रेषेतच मागे यावा लागतो. बोल्ट निघाल्यावर पंप त्या शाफ्टवर लोंबकळला तर दाते चेपतात, कपलिंगचा रबरी किंवा प्लास्टिकचा भाग चिरतो आणि ऑइल सीलचा ओठ वाकतो. अडला तर पहार घालून उचकटू नका. पुलीची साखळी एक-दोन कडी वर-खाली करून बघा, बहुतेक वेळा तेवढ्यानं तो सुटतो. काही कपलिंगांत शाफ्ट आवळणारा एक आडवा बोल्ट असतो. तो बाहेरच्या छोट्या खिडकीतून सोडावा लागतो, आणि तो विसरून तासभर पंप हलवत बसलेले फिटर कमी नाहीत.

पंप बाहेर आला की आधी दाते बघायचे. दात्यांवर कोरडी तांबूस भुकटी दिसली तर तिथे धातूवर धातू घासतोय. बसवणूक तिरकी होती किंवा कपलिंग संपलंय. फ्लायव्हीलच्या घरात तेल साचलं असेल तर शाफ्टचं सील गेलेलं होतं.

यापुढची गोष्ट मी पंपापेक्षाही महत्त्वाची मानतो. चार्ज फिल्टर हॅकसॉने कापू नये, लोखंडाचा भुसा आत पडून खोटी साक्ष देतो. फिल्टर कटरने पत्रा कापून आतला कागद उलगडायचा, घडी-घडी करून उन्हात धरायचा. पिवळी चमक दिसली तर पिस्टनांच्या टाचा किंवा व्हॉल्व्ह प्लेटचं पितळ झिजलंय. लोहचुंबकाला चिकटणारे चुरे असतील तर बेअरिंग. तीच तपासणी ड्रमच्या आणि मागच्या मोटरच्या केसमधून काढलेल्या तेलाची करायची. कारण फेरा बंद आहे. पंप आतून फुटला असेल तर त्याचा चुरा टाकीतल्या फिल्टरपर्यंत जायच्या आधी थेट मोटरमध्ये गेलेला असतो. नवा पंप बसवला की मोटरमध्ये दडलेला तोच चुरा पहिल्याच फेरीत नव्या पंपाच्या तोंडात येतो. मग ‘दुरुस्ती खराब झाली’ म्हणून वर्कशॉपशी भांडण. पंप फुटला असेल तर होज आतून पुसून आणि तेलाने धुऊन घ्यावेत, मोटर उघडून बघाव्यात, टाकी रिकामी करून तळ साफ करावा. कूलर तर शक्यतो बदलावाच, त्याच्या बारीक नळ्यांतून चुरा पूर्ण निघेल याची हमी कुणी देत नाही.

पंप उघडण्याचं काम साइटवर करू नये. व्हॉल्व्ह प्लेट आणि ब्लॉकचा तळ एकमेकांवर बसतात ते पृष्ठभाग घासून सपाट करावे लागतात, आणि जुळणी झाल्यावर टेस्ट बेंचवर दाब, प्रवाह व केस ड्रेनची गळती मोजावी लागते. वर्कशॉपकडून त्या चाचणीचे आकडे लिहून घ्या. आकडे देत नसेल तर त्याच्याकडे बेंच नाही असं समजायला हरकत नाही.

परत बसवताना उतरवण्याचाच क्रम उलटा, प्रत्येक ओ-रिंग नवी, बोल्ट टॉर्क पान्याने, आडव्या-तिडव्या क्रमाने. त्यानंतर पंप कोरडा असतो हे विसरायचं नाही. वरच्या ड्रेनच्या तोंडातून पंपाचं पोट गाळलेल्या तेलाने भरायचं, सक्शन होज भरायचा, मगच जोड आवळायचे. नवीन बॅरलमधलं तेल स्वच्छच असतं हा एक गोड गैरसमज आहे. टाकीत जाणारं तेल 10 मायक्रॉनच्या फिल्टरमधूनच ढकलावं.

मग चार्जच्या पॉइंटला गेज, कंट्रोलची केबल किंवा सॉकेट सुटलेलं, कॉक उघडा, चिठ्ठी फाडलेली. डिझेल बंद ठेवून इंजिन स्टार्टरवर थोडं थोडं फिरवायचं, गेजचा काटा थरथरेपर्यंत. मध्ये स्टार्टरला विसावा द्यायचा. काटा हलला की इंजिन चालू, पण अगदी मंद. अर्ध्या मिनिटात चार्जचा दाब नीट उभा राहिला नाही तर इंजिन बंद करून कारण शोधायचं. ‘रेस दिली की उचलेल’ म्हणणाऱ्याला त्या वेळी चहा आणायला पाठवावं. दाब आला की पाच मिनिटं मंदच चालू द्यायचं, टाकीतली पातळी बघायची. तेल दुधासारखं पांढरट दिसलं तर हवा मिसळतेय, सक्शनच्या क्लिपा तपासा. पातळी खाली गेली की भरायची. त्यानंतर इंजिन बंद करून कंट्रोल जोडायचा, ठोकळे काढायचे, मोकळ्या जागेत रोलर आधी पुढे, मग मागे, मंद वेगात काही मिनिटं फिरवायचा. दांडा मध्ये आणल्यावर मशीन हळूहळू सरकत असेल तर न्यूट्रल जुळवायचं राहिलंय. व्हायब्रेशन सगळ्यात शेवटी.

चार्ज फिल्टर पहिल्या 50 तासांनी बदलायचा, मॅन्युअलमध्ये पुढचा आकडा काहीही असो. काढलेला फिल्टर पुन्हा कापून बघायचा. पिवळी चमक दिसलीच तर मशीन कामावरून काढून आधी मोटर तपासायच्या. नसेल तर नव्या फिल्टरच्या अंगावर मार्करने अवरमीटरचा आकडा लिहून मशीन भरावावर पाठवायला हरकत नाही.